पंधरा मिनिटांची दलाली

दरवर्षी एप्रिल-मे उजाडला, मुलांच्या परीक्षा आटोपल्या आणि भाड्याच्या घरांची अदलाबदल सुरू झाली की तोच वाद पुन्हा डोकं वर काढतो. ‘पंधरा मिनिटं जागा दाखवली आणि महिन्याचं अख्खं भाडं खिशात घातलं’ असं एकीकडून म्हटलं जातं. ‘मग आम्ही काय हवा खाऊन जगायचं?’ असं दुसरीकडून उत्तर येतं. कुणी दलालांना बांडगूळ ठरवतं, कुणी मालकांना हावरट, कुणी एखादं अ‍ॅप सुचवतं, आणि मग पुढच्या एप्रिलपर्यंत सगळं शांत. मी ठाणे ते बदलापूर या पट्ट्यात भाड्याची आणि रीसेलची, म्हणजे वापरातली घरं विकून देण्याची, कामं करतो, म्हणजे या वादात माझं पोट अडकलेलं आहे. ते लक्षात ठेवूनच पुढचं वाचावं. माझं म्हणणं असं की, दलाली महिन्याची असावी की पंधरा दिवसांची, यावर भांडण्यात फारसा अर्थ नाही. सौदा झाला तरच मिळणारी, जमेल तर दोन्ही बाजूंकडून घेतली जाणारी आणि एका ओळीचाही कागद न करता ठरणारी अशी जी आपल्याकडची दलालीची रीत आहे, ती मोडीत काढायला हवी. या रीतीमुळे भाडेकरू नाडला जातो, आणि एजंटाला खोटं बोलल्याशिवाय धंदा करता येत नाही.

आधी त्या पंधरा मिनिटांकडेच बघू. डोंबिवली पूर्वेला एक वन बीएचके आहे, मालक बंगळुरूला. चावी शेजारच्या काकूंकडे, काकू चारनंतर भजनाला जाणार. पार्टीला ऑफिस सुटल्यावर सहाशिवाय वेळ नाही. म्हणजे दुपारी एकदा जाऊन चावी आणायची, संध्याकाळी जागा दाखवायची आणि रात्री ती परत पोचवायची, कारण चावी मुक्कामाला ठेवलेली काकूंना चालत नाही. त्यातच जिन्यात सेक्रेटरी गाठतात. ‘फॅमिली आहे ना? बॅचलर चालणार नाहीत, आधीच सांगतो.’ सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवलं की पुरे. पण हे सेक्रेटरींना जिन्यात ऐकवणारा एजंट त्या इमारतीत पुन्हा पाऊल ठेवू शकत नाही. फोनवर ‘आम्ही दोघंच’ म्हणालेली पार्टी सासू-सासरे आणि मामेभावासह येते. नळ सोडून बघतात, पाणी किती वाजता येतं ते विचारतात, किचनच्या ओट्याखाली वाकून ओल शोधतात, खिडकीतून समोरचा विजेचा डीपी बघून नाक मुरडतात. ‘उद्या कळवतो’ म्हणून जातात आणि मग फोन उचलत नाहीत. चार-पाच दिवसांनी काकूंकडून कळतं की सामान आलं. वॉचमनकडून मालकाचा नंबर मिळवून परस्पर व्यवहार झालेला असतो. धंद्यात याला बायपास म्हणतात, आणि यावर इलाज जवळपास नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २१९ सांगतं की, वेगळा करार नसेल तर सोपवलेलं काम पुरं होईपर्यंत एजंटाचा मोबदला देय होत नाही. काम पुरं झालं ते माझ्यामुळे, हे सिद्ध कशावर करणार? आमच्याकडे कागदच नसतो.

हे रडगाणं मी दया यावी म्हणून गात नाही. यातून एक हिशेब निघतो, जो या वादात कुणीच मांडत नाही. जागा बघायला येणाऱ्यांपैकी बहुतेक जण ती घेत नाहीत. ते स्वाभाविकही आहे, घर म्हणजे भाजी नव्हे. पण त्या सगळ्यांसाठी केलेल्या फेऱ्या, पेट्रोल, पोर्टलवरच्या जाहिराती आणि गाळ्याचं भाडं वसूल होतं ते ज्याने शेवटी जागा घेतली त्या एकाकडून. रिक्षावाल्याने दिवसभर सगळ्यांना फुकट फिरवावं आणि रात्रीच्या शेवटच्या प्रवाशाकडून पूर्ण दिवसाच्या गॅसचे पैसे घ्यावेत, तसा हा प्रकार आहे. त्या शेवटच्या प्रवाशाला आपण लुटले गेलो असं वाटतं, आणि ते खरंच आहे. पंधरा हजार भाड्याच्या घरासाठी पंधरा हजार दलाली देणारा माणूस त्याला मिळालेल्या सेवेची किंमत देत नसतो, त्याच्या आधी येऊन गेलेल्या सगळ्यांचं बिल तो भरत असतो. म्हणून ‘पंधरा मिनिटांचे पंधरा हजार’ ही तक्रार रास्त आहे, पण तीवरून निघणारा ‘एजंट काहीच करत नाही’ हा निष्कर्ष चूक आहे.

पैशाच्या या हिशेबापेक्षा वाईट गोष्ट वेगळी आहे. सौदा झाला तरच पैसे, म्हणजे खरं बोलण्याचे पैसे शून्य. रीसेलचं उदाहरण घ्या. इमारतीला ओसी (राहायला परवानगी देणारा महापालिकेचा दाखला) नाही, बिल्डरने कन्व्हेयन्स दिलेलं नाही, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर केलेली नाही, वरच्या मजल्याचं गळतीचं प्रकरण सोसायटीत दोन वर्षं पडून आहे, आणि टेरेसवर जी खोली ‘फ्लॅटसोबत मिळेल’ म्हणून दाखवली जाते ती नकाशातच नाही. हे सगळं त्या भागातल्या एजंटाला पाठ असतं. त्याने खरेदीदाराला सांगितलं की ‘ही घेऊ नका, आधी वकिलाकडून मालकीच्या जुन्या नोंदी तपासून सर्च रिपोर्ट काढा, मंजूर नकाशा बघा,’ तर त्या माणसाचे पन्नास लाख वाचतात आणि एजंटाच्या हातात चहाचे पैसेही पडत नाहीत. गप्प बसला तर एक-दोन टक्के सुटतात. वकील सर्च रिपोर्टची फी घेतो, रिपोर्ट वाईट आला तरी घेतो, म्हणून तो वाईट रिपोर्ट देऊ शकतो. एजंटाकडून प्रामाणिकपणाची अपेक्षा ठेवायची आणि त्या प्रामाणिकपणाचा दंड त्यानेच भरायचा, ही कुठली व्यवस्था? चांगले एजंट आहेत, मी काहींना ओळखतो. ते चांगले आहेत ते या रीतीला न जुमानता.

आता आमच्याविरुद्ध जे बोललं जातं त्यात तथ्य किती? बरंच आहे. टक्केवारीचं समर्थन मला करता येत नाही. चाळीस लाखांचा फ्लॅट विकायला जेवढे जिने चढावे लागतात तेवढेच दीड कोटीच्या फ्लॅटलाही लागतात, उलट तिथे लिफ्ट असते. पोर्टलवरच्या बनावट जाहिराती हा तर उघड प्रकार आहे: सुंदर फोटो, बाजारापेक्षा कमी भाडं, फोन केला की ‘अहो, ती कालच गेली, पण तशीच दुसरी आहे.’ ती जागा मुळात नसतेच. करार नूतनीकरणाची दलालीही तशीच. अकरा महिने संपले, भाडेकरू तोच, मालक तोच, चावी कुणी कुणाला दिली नाही, तरी अर्ध्या महिन्याचं भाडं मागणारे आमच्यात आहेत. यात काम काय झालं, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही. त्याहून अडचणीची गोष्ट अशी की, भाडेकरू दरवर्षी घर बदलत राहिला तर एजंटाचा फायदाच असतो. मालकाला ‘साहेब, मार्केट वाढलंय, नवीन पार्टी दोन हजार जास्त देईल’ असा फोन मार्चमध्ये कोण करतं? आम्हीच करतो.

आणि दोन्ही बाजूंकडून पैसे घेणं. भाडेकरूकडून महिना, मालकाकडून महिना किंवा अर्धा, ही आमच्याकडची सर्रास रीत. दोन एजंट असतील तर ‘साइड बाय साइड’, म्हणजे ज्याने त्याने आपल्या पार्टीकडून घ्यायचं. एकच एजंट असेल तर दोन्ही बाजू त्याच्या. ज्याला भाडं जास्त हवं आहे आणि ज्याला कमी हवं आहे, अशा दोघांची बाजू एकच माणूस कशी मांडेल? कोर्टात एक वकील दोन्ही पक्षकारांकडून उभा राहिला तर त्याची सनद जाईल. आमच्याकडे त्याला ‘सेटिंग चांगलं आहे’ म्हणतात.

एवढं कबूल केल्यावर वाचणारा म्हणेल, मग दलाल हवाच कशाला? मालक आणि भाडेकरू यांना अ‍ॅपवर थेट भेटू द्या. विनादलाली म्हणवणारी अ‍ॅप गेली कित्येक वर्षं आहेत आणि त्यांनी आमच्या डोक्यात थोडा प्रकाश पाडला हेही खरं. पण ज्या मालकाने तिथे जाहिरात टाकली त्याला पहिल्याच दिवशी तीस-चाळीस फोन येतात, निम्मे फोन माझ्यासारख्या एजंटांचे असतात, आणि तिसऱ्या दिवशी वैतागून तो चावी कोपऱ्यावरच्या दुकानात देऊन टाकतो. दार उघडायला, सेक्रेटरीसमोर उभं राहायला, पोलीस व्हेरिफिकेशनचा फॉर्म भरायला, करारनोंदणीसाठी अंगठा घेणाऱ्या माणसाची वेळ दोघांच्या सोयीने जुळवायला आणि अकरा महिन्यांनी डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापायचे की नाही या भांडणात मध्ये पडायला कुणीतरी माणूस लागतो. या अ‍ॅपच्या व्यवहारातली मला पटलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे, आणि ती त्यांच्या जाहिरातीत नसते. ती पॅकेजचे पैसे आधी घेतात. घर मिळो न मिळो, संपर्क क्रमांक दिसण्याचे पैसे द्यावे लागतात, आणि लोक ते देतात. ‘काम झाल्याशिवाय भारतीय माणूस पैसे सोडत नाही’ हे आमच्या धंद्यातलं ब्रह्मवाक्य त्यांनी खोटं पाडलं. काय मिळणार आणि त्याचे किती, हे आधी स्पष्ट लिहिलेलं असेल तर माणूस सौद्याची वाट न बघता पैसे देतो. मग ते आम्हाला का जमू नये?

दलाल हटवण्याची भाषा महाराष्ट्राला नवी नाही. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला आणि आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असं ठरवलं. व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले, दोन्ही बाजूंनी मोठमोठी भाकितं झाली. आडत्या नाहीसा होईल, शेतकरी थेट ग्राहकापर्यंत पोचेल, असं एकीकडे. बाजारच कोसळेल, असं दुसरीकडे. दोन्ही झालं नाही. आडत्या अजून आहे, कारण उधारी सांभाळणं, मालाचा दर्जा एका नजरेत ओळखणं, पहाटे तीन वाजता गाडी उतरवून घेणं ही कामं कुणालातरी करावीच लागतात. त्या निर्णयातला मुद्दा आडत्या असावा की नसावा हा नव्हताच. पैसे कुणाच्या खिशातून जावेत, हा होता. शेतकऱ्याने आपला आडत्या पारखून निवडला असं सहसा होत नाही; माल ज्या गाळ्यावर उतरला त्याची पट्टी त्याला निमूट घ्यावी लागते. ज्याला निवडच नाही त्याच्याकडून कमिशन कापणं अन्यायाचं आहे, हे तत्त्व तेव्हा सरकारने मान्य केलं. भाडेकरूची स्थिती याहून वेगळी आहे का? घर मालकाचं, एजंट मालकाने बोलावलेला, चावी एजंटाकडे. भाडेकरूला घर हवं असेल तर तोच एजंट घ्यावा लागतो. निवड मालकाची आणि बिल भाडेकरूला.

दुसरा दाखला मुंबईतच आहे. १८७५ मध्ये शेअर दलालांनी आपली संघटना बांधली, पुढे तिचाच मुंबई शेअर बाजार झाला. शंभर-सव्वाशे वर्षं शेअर म्हणजे कागद होता: सही जुळत नाही, सर्टिफिकेट बनावट निघालं, टपालात गहाळ झालं, हे रोजचं. त्या गोंधळात ज्याच्यावर विश्वास ठेवता येईल असा दलाल लागायचा आणि तो टक्केवारीने पैसे घ्यायचा. १९९६ मध्ये डिपॉझिटरीचा कायदा आला, शेअर संगणकावर गेले, मालकी कुणाची यात शंका उरली नाही. आज कित्येक दलाल एका व्यवहारामागे जास्तीत जास्त २० रुपये घेतात, शेअर दहा हजारांचे असोत की दहा लाखांचे. दलालांना शिव्या देऊन हे झालेलं नाही. नोंद पक्की झाली, स्पर्धा वाढली, आणि दलालाचं अंगावरचं काम कमी झालं.

घरांच्या बाबतीत ती नोंद अजून पक्की नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याने दस्ताची नोंद होते. मालकी हक्काची हमी त्यातून मिळत नाही. इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, हातात आला म्हणजे फ्लॅट निर्वेध आहे असं कुठलंही कार्यालय लिहून देत नाही. सातबारा एका ठिकाणी, प्रॉपर्टी कार्ड दुसऱ्या ठिकाणी, मंजूर नकाशा महापालिकेत, शेअर सर्टिफिकेट सोसायटीच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली गावी गेलेल्या खजिनदाराकडे. ही सगळी माहिती डोक्यात ठेवून हिंडणाऱ्या माणसाला किंमत येणारच. एक शंका मात्र रास्त आहे: दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ पासून सरकार मालकीची हमी देतं, तरी तिथेही इस्टेट एजंट आहेतच. हो, आहेत. घर शेअरसारखं एकसारखं नसतं, ते बघावं लागतं, भावाची घासाघीस करावी लागते. नोंदी पक्क्या झाल्याने एजंट जाणार नाही. त्याला कशाचे पैसे द्यायचे, ते मात्र बदलेल.

या सगळ्यात जी गोष्ट सगळ्यांत कमी बोलली जाते ती आमच्या तोंडून निघणाऱ्या ‘मालकाची अट’ या दोन शब्दांची. मुसलमान नको, मांसाहारी नको, एकटी बाई नको, घटस्फोटित नको, पोलीस आणि वकील तर मुळीच नकोत. आडनाव ऐकून गप्प होणारे मालक मी पाहिलेत. ‘तसं काही नाही हो, पण तुम्ही जरा बघून घ्या’ हे वाक्य त्यांच्या तोंडी ठरलेलं. २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारल्याचा व्हिडिओ आला तेव्हा आपल्याकडे मोठा संताप झाला. संताप योग्यच होता. पण इतरांच्या वाट्याला हे रोज येतं तेव्हा आपण त्याला सोसायटीचा अंतर्गत मामला म्हणतो. कायदाही फार मदतीला येत नाही: झोराष्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सभासदत्व पारशांपुरतं ठेवणारे उपविधी वैध ठरवले. टीकाकार म्हणतात, दलालच भेदभाव करतो. करतो खरा, नकार आमच्याच तोंडून जातो. पण त्यामुळे ज्याने भेदभाव केला त्याचे हात स्वच्छ राहतात. मालक भाडेकरूला कधी भेटलेलाच नसतो, सेक्रेटरी ‘आम्ही काही बोललो नाही’ म्हणतात, आणि पार्टीच्या फोनमध्ये उरतो माझा आवाज: ‘सॉरी, ती जागा गेली.’ जागा गेलेली नसते हे दोघांनाही ठाऊक असतं.

एजंटाच्या लेखी नेमणुकीचा मी आग्रह धरतो त्याचं सगळ्यांत मोठं कारण हेच आहे. मालकाने एजंट नेमताना एका कागदावर भाडं, डिपॉझिट, मुदत, अटी आणि एजंटाची फी लिहून सही करायची असं ठरलं, तर ‘अमुक धर्माचे नकोत’ हे किती मालक लिहितील? फोनवर कुजबुजता येतं ते सहीखाली लिहिता येत नाही. पूर्वग्रह त्याने संपणार नाहीत, एवढा भोळा मी नाही. पण नकाराला कुणाचं तरी नाव चिकटेल, आणि ते नाव माझं नसेल.

जगात हे कुठे झालंच नाही असं नाही. जर्मनीत १ जून २०१५ पासून भाड्याच्या घरांना एक साधा नियम आहे: ज्याने एजंट नेमला त्याने पैसे द्यायचे. इंग्लंडमध्ये जून २०१९ पासून एजंटांना भाडेकरूकडून फी घ्यायला बंदी आहे. न्यूयॉर्क शहरात भाडेकरूने वर्षाच्या भाड्याच्या पंधरा टक्क्यांपर्यंत दलाली देणं सर्रास होतं; ११ जून २०२५ पासून तिथेही ज्याचा एजंट त्याचं बिल असं झालं. अमेरिकेत घर खरेदीसाठी ऑगस्ट २०२४ पासून एजंटाने घर दाखवण्याआधीच खरेदीदाराशी लेखी करार करावा असा बदल झाला, आणि तो आपणहून कुणी केला नाही, मोठ्या खटल्याच्या तडजोडीतून झाला.

यावर सगळ्यांत दमदार आक्षेप असा: मालकाला पैसे द्यायला लावले तर तो ते भाड्यात घालणार. घालणार, काही प्रमाणात नक्की घालणार. पण फरक बघा. आज भाडेकरूला घरात पाऊल ठेवण्यापूर्वी डिपॉझिट, आगाऊ भाडं, टेम्पोचं भाडं आणि दलाली हे सगळं एकाच आठवड्यात उभं करावं लागतं. नव्याने नोकरीला लागलेल्या मुलाला त्यासाठी घरून पैसे मागवावे लागतात. तीच रक्कम भाड्यात अकरा महिन्यांवर पसरली तर निदान जाहिरातीत दिसते आणि दोन घरांची तुलना करता येते. शिवाय आज मालकाला एजंटाच्या दराचं काही सोयरसुतक नाही, कारण मोठा वाटा दुसऱ्याच्या खिशातून जातो. उद्या स्वतःच्या खिशातून जाणार म्हटल्यावर तोच मालक घासाघीस करेल, आणि दरवर्षी भाडेकरू बदलण्याचा उत्साहही त्याचा ओसरेल. विचारा, पगार देणाऱ्याइतकं पगाराबद्दल जागरूक दुसरं कोण असतं?

आमचे लोक म्हणतात, रेरा आहे ना, आता अजून कायदा कशाला? गृहप्रकल्पांच्या विक्रीवर देखरेख ठेवणारा केंद्राचा २०१६ चा हा कायदा २०१७ च्या मे महिन्यापासून पूर्ण अंमलात आला आणि कलम ९ ने एजंटाला नोंदणी सक्तीची केली. नोंदणीशिवाय काम केलं तर दिवसाला दहा हजार रुपये दंड आहे. या कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, २०२३ मध्ये एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा आणली, आणि ते प्रमाणपत्र न घेतल्याने हजारो एजंटांच्या नोंदण्या पुढे स्थगित झाल्या. हे चांगलंच झालं. परीक्षेच्या निमित्ताने कार्पेट एरियाची कायद्यातली व्याख्या पहिल्यांदा वाचणारे काही जण मला माहीत आहेत. पण हा कायदा नोंदणीकृत नव्या प्रकल्पांतल्या विक्रीसाठी आहे. भाड्याचं घर दाखवणारा, तीस वर्षांच्या जुन्या इमारतीतला फ्लॅट विकणारा, झेरॉक्सच्या दुकानात ‘रूम भाड्याने मिळेल’ अशी पाटी लावणारा या कशातच येत नाही. सामान्य माणसाचा एजंटाशी संबंध येतो तो बहुतेक वेळा इथेच. नव्या प्रकल्पात पैसे बिल्डर देतो आणि चॅनल पार्टनरला, म्हणजे त्याच्यासाठी घरं विकणाऱ्या एजंटाला, देतो, तिथे ग्राहकाला निदान हे माहीत असतं की समोरचा माणूस बिल्डरचा आहे. परीक्षा तिथे आणि अंधार इथे, असा हा प्रकार आहे. बायका या धंद्यात मोठ्या संख्येने येताहेत, अनोळखी माणसाला रिकाम्या फ्लॅटमध्ये एकट्याने घेऊन जाणं हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग आहे. बघायला येणाऱ्याची आधी लेखी नोंद असती तर त्यांचं रक्षण थोडं तरी झालं असतं. त्याबद्दल कुणी बोलतसुद्धा नाही.

‘आपल्याकडे लोक कागद करणार नाहीत’ हे मला अजिबात पटत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ ने लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा असं ठरवलं, जबाबदारी मालकावर टाकली आणि न केल्यास तुरुंगवासाची तरतूदही ठेवली. तेव्हाही हेच म्हणत होते की पाच-दहा हजारांच्या भाड्यासाठी रजिस्ट्रार ऑफिसला कोण जातंय. आज काय दिसतं? एक मुलगा बॅगेतून लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र काढतो, मालकाचा बंगळुरूला, भाडेकरूचा डोंबिवलीला अंगठा घेतला जातो, पाव टक्का मुद्रांक आणि हजार रुपये नोंदणी फी भरली जाते, आणि दोन-चार दिवसांत करार मोबाइलवर येतो. बँकेत पत्त्याचा पुरावा म्हणून तो लागतो, मुलांच्या प्रवेशाला लागतो, म्हणून लोक आपणहून मागतात. कागदाची सवय लावता येते, हे याच राज्याने करून दाखवलं आहे.

मग त्याच ऑनलाइन करारात एजंटासाठी जागा करा. एजंटाचं नाव, त्याला कुणी नेमलं, फी किती, कुणी भरली, एवढंच. फी भरणारा आणि नेमणारा एकच असला पाहिजे. भाडेकरूला स्वतःसाठी एजंट नेमायचा असेल तर खुशाल नेमावा. मग त्याने आधी कागद करावा, जागा दाखवण्याची छोटी रक्कम आधी द्यावी आणि ती शेवटच्या फीतून वळती व्हावी. म्हणजे नुसतंच बघत फिरणाऱ्यांचं बिल घर घेणाऱ्याच्या माथी येणार नाही, आणि ‘ही घेऊ नका’ म्हणणाऱ्या एजंटालाही दिवसाचे चार पैसे सुटतील. नूतनीकरणात एजंटाचं नावच नसेल तर फी मागता येणार नाही. फॉर्म भरून दिला तर फॉर्म भरण्याचे घ्यावेत, अर्ध्या महिन्याचं भाडं नव्हे.

माझ्या व्यवसायबंधूंचा यावर एक प्रश्न ठरलेला आहे: मी लेखी मागितलं तर पार्टी शेजारच्या दुकानात जाईल, त्याचं काय? जाईल. आज मी एकट्याने हे करायला गेलो तर महिनाभरात शटर ओढावं लागेल, म्हणून हे कुणा एकाच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही, सगळ्यांना एकदम लागू व्हायला हवं. मालकाला एक भाडं सांगायचं, पार्टीला दुसरं, आणि मधला फरक ठेवायचा, यावर जे जगतात त्यांचा विरोध राहणार आणि तो सगळ्यांत मोठ्या आवाजात होणार. बाकीच्यांनी गंमत म्हणून गेल्या वर्षी बायपास झालेले आपले सौदे आठवून बघावेत. रेरात बदल करायचा तर दिल्लीला जावं लागेल. भाडे नियंत्रण कायदा मात्र मुंबईत झालेला आहे, करारनोंदणीची यंत्रणाही राज्याच्याच मुद्रांक विभागाची आहे, आणि तिच्या फॉर्ममध्ये साक्षीदारांच्या खाली आणखी चार ओळी मावतात.